घरखत आणि चतुःसीमा : खानदेशांतील नवागतांच्या घरखरेदीचा एक विचार

(१) विषयोपक्रम

खानदेशच्या इतिहासाचीं साधनें जमविणाऱ्यांचें लक्ष आजवर बहुधा सनदा, वतनपत्रें, महजर, निवाडे, राजकीय पत्रव्यवहार आणि संतवाङ्मयाच्या पोथ्या यांकडे लागलेलें आहे, व तें योग्यच आहे. परंतु जुन्या वाड्याच्या माळ्यावरून अगर फडताळांतून जो रुमाल आपल्या हातीं येतो, त्यांत या मौल्यवान कागदांच्या जोडीस घरखतें, गहाणखतें, वांटणीपत्रें, सामाईक भिंतीच्या तंट्याचे कागद आणि घरपट्टीच्या पावत्या हटकून असतात. सनद काढून घेतली, पोथी वेगळी ठेवली, कीं उरलेला गठ्ठा 'खासगी देवघेवीचे कागद' या नांवाखालीं पुन्हा बांधला जातो आणि पुढें वाडा विकला गेला म्हणजे रद्दींत जातो. या गठ्ठ्याची योग्यता काय आहे, तें सांगावें एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

गांव कसें वाढलें, बाहेरचा मनुष्य तेथें येऊन कसा रुजला, या प्रश्नांचें उत्तर सनदांत क्वचितच सांपडतें. सनद बोलते ती देणाऱ्याच्या अधिकाराविषयीं. घरखत बोलतें तें राहणाऱ्याविषयीं. त्यांतहि घरखताचा जो भाग आपण सर्वांत कंटाळवाणा समजून ओलांडून जातों, म्हणजे चतुःसीमा, तोच या कामीं सर्वांत बोलका आहे, असें आमचें मत आहे. तें मत धुळें व जळगांव या दोन गांवांच्या आधारें आम्ही पुढें मांडीत आहों. आज याच दोन गांवांच्या कडेला शेतांचे तुकडे पडून नवीन वस्त्या उठत आहेत, आणि पोटापाण्यासाठीं आलेलीं कुटुंबें आपल्या आयुष्याची कमाई तेथें घरांत घालीत आहेत. त्यांस जे प्रश्न पडतात, ते जुन्या घरखतांनीं केव्हांच विचारलेले आहेत. म्हणून जुन्या कागदाचा हा विचार आजच्या खरेदीदाराच्याहि उपयोगीं पडण्याजोगा आहे.

(२) धुळें : उजाड आणि फेरवसाहत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धुळें हें लळिंगच्या हाताखालचें एक सामान्य खेडें होतें. इ. स. १८०३ मध्यें होळकरी धुमाकूळ आणि त्याच सालचा भयंकर दुष्काळ या दोहोंनीं तें पार ओसाड पडलें. मोडी कागदांत हें साल 'सन अर्बा मयातैन व अलफ' असें येईल. अर्बा म्हणजे चार, मयातैन म्हणजे दोनशें, अलफ म्हणजे हजार, एकूण सुहूर १२०४. यांत ५९९ मिळविले म्हणजे मृगापासून वर्षअखेरपर्यंतच्या महिन्यांचें आणि ६०० मिळविले म्हणजे पुढील महिन्यांचें इसवी साल निघतें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८०४ सालीं, विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनीं गांव पुन्हा वसविलें. लळिंग व सोनगीर हे परगणे पेशव्यांकडून विंचूरकरांस मिळालेले होते. वसाहतीच्या या कामगिरीबद्दल विंचूरकरांनीं बाळाजी बळवंतांस इनाम जमीन व कांहीं हक्क दिले. पुढें दोन्ही परगण्यांचा कारभार त्यांजकडे आला आणि त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यासच केलें.

१८१८ सालीं इंग्रजी अंमल बसल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें नव्या खानदेश जिल्ह्याचें मुख्य ठाणें म्हणून धुळ्याची निवड केली. फेरिस्त्याच्या फारशी तवारिखेचें इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. १८१९ च्या जानेवारींत त्यानें कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली, लांबलांबचे कारागीर आणविले आणि व्यापारी व इतर लोक यांनीं येथें येऊन राहावें म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली, घरासाठीं जागा कायमच्या बिनभाडे दिल्या. दुसरी, पक्कीं घरें बांधावयास जुन्या रहिवाशांस आणि परक्यांस अशा दोघांसहि सरकारांतून आगाऊ रकमा दिल्या. यांतील 'दोघांसहि' हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. नवागतांस सवलत द्यावयाची आणि जुन्यांस डावलावयाचें, असें केलें असतें तर नवी पेठ व जुनें गांव यांत आरंभींच वैर पडलें असतें.

ही युक्ति ब्रिग्जची नवीन नव्हे. पेठ वसवावयाची म्हणजे कौल द्यावयाचा, कांहीं वर्षें मोहतर्फ्याची माफी द्यावयाची, शेटे-महाजन नेमावयाचे, ही मराठी अंमलांतील प्रसिद्ध रीत होती. ओसाड जमिनीवर कुळें आणावयाचीं तर इस्ताव्यानें, म्हणजे वर्षास थोडाथोडा चढत जाणारा सारा बांधून, आणीत. बाळाजी बळवंत आणि ब्रिग्ज हे एकाच रीतीचे दोन कर्ते होत.

परिणाम आंकड्यांवरून दिसतो. १८१९ सालीं धुळ्यांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. १८७२ सालीं २,६२० घरें व १२,४८९ माणसें झालीं. माणसें सुमारें पांचपट झालीं, पण घरें साडेसहापट झालीं. पूर्वीं दर घरामागें सहांहून अधिक माणसें होतीं, तीं आतां पांचांच्याहि आंत आलीं. याचा अर्थ आम्ही असा करतों कीं, नवीन येणारीं कुटुंबें लहान होतीं. भाऊबंद मूळ गांवीं ठेवून कर्ता पुरुष बायकामुलांसह इकडे आला आणि त्यानें स्वतंत्र चूल मांडली. हें अनुमान खरें कीं खोटें, हें ठरविण्याचें साधन शिरगणतींत नाहीं. तें घरखतांत आहे, कारण घर कोणी कोणाच्या नांवें घेतलें, भाऊ एकत्र होते कीं विभक्त, हें तेंच सांगतें.

(३) जळगांव : कापूस, लोहमार्ग आणि रोजची येजा

जळगांवची वाढ निराळ्या कारणानें झाली. तेथें कोणा अधिकाऱ्यानें मुद्दाम वसाहत केली नाहीं. कापूस आणि आगगाडी यांनीं माणसें ओढून आणलीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६२ ते १८६५ या काळांत हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. १८६५ सालीं भाव कोसळले तेव्हां पुष्कळांचें दिवाळें वाजलें. तरीहि लोहमार्ग गांवांतून गेलेला असल्यामुळें व्यापार पुन्हा सावरला. सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले, सूत व कापडाची गिरणी निघाली, आणि जुन्या जळगांवाबाहेर नवी पेठ, बळीराम पेठ, पोलन पेठ अशा पेठा वसल्या. नगरपालिका धुळ्यास १८६२ सालीं व जळगांवास १८६४ सालीं स्थापन झाली. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन पूर्व खानदेशचें ठाणें जळगांवीं आलें, आणि वकील, कारकून, शिक्षक या वर्गाची नवी भरती सुरू झाली. धुळ्यास चाळीसगांवाहून लोहमार्गाचा फांटा येण्यास मात्र १९०० साल उजाडलें.

दोन्ही गांवांच्या वाढीचें प्रमाण पाहा. १९०१ सालीं धुळ्याची वस्ती २४,७२६ व जळगांवची १६,२५९ होती. २०११ च्या जनगणनेंत धुळें ३,७५,५५९ व जळगांव ४,६०,२२८ झालें. म्हणजे एकशेंदहा वर्षांत धुळें पंधरापट वाढलें, तर जळगांव अठ्ठावीसपट वाढून त्याच्या पुढें गेलें. २००३ सालीं दोन्ही ठिकाणीं महानगरपालिका झाल्या.

या वाढींतील एक मोठा भाग रोज येजा करणाऱ्यांचा आहे. ज्यास सर्व लोक 'अप-डाऊन' म्हणतात ती ही राहणी. भुसावळ जंक्शन जळगांवाहून सुमारें पंचवीस किलोमीटरांवर. तेथें रेल्वेचीं कामें, तेथें व वरणगांवास आयुधनिर्माणीचे कारखाने, दीपनगरास वीजकेंद्र. इकडे जळगांवांत जिल्ह्याच्या कचेऱ्या, औद्योगिक वसाहत, डाळीचे व नळ्यांचे कारखाने, सराफ बाजार, आणि १९९० पासून विद्यापीठ. नोकरी एका गांवीं, घर दुसऱ्या गांवीं, आणि वडिलार्जित शेत तिसऱ्याच खेड्यांत, अशीं कुटुंबें आज शेंकड्यांनीं नव्हे, हजारांनीं आहेत. मुलांच्या शाळेसाठीं, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यासाठीं तीं जळगांवांत अगर धुळ्यांत जागा घेतात. ती जागा जुन्या पेठेंत मिळत नाहीं. मिळाली तर परवडत नाहीं. म्हणून तीं गांवाच्या कडेला जातात, आणि तेथें त्यांची गांठ शेताच्या कागदांशीं पडते.

ज्यास आपण आज 'कॉलनी' म्हणतों, ती खरेदीखतांत निराळ्या नांवानें वावरते. जळगांवच्या पुष्कळ वस्त्यांचीं खतें 'मौजे पिंप्राळें' अगर 'मौजे मेहरुण' असें लिहून सुरू होतात. धुळ्याचीं 'मौजे देवपूर', 'मौजे वलवाडी' अशीं. शहरानें खेडें गिळलें, पण दप्तरांत खेड्याचें नांव टिकलें. संशोधकास ही मोठीच सोय आहे.

(४) स्थावराच्या विक्रयाविषयीं शास्त्र

घरखताचीं अंगें समजण्यासाठीं थोडें मागें जाऊन धर्मशास्त्र पाहिलें पाहिजे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अगर बाराव्याच्या आरंभीं कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. दक्षिणेंत व्यवहाराच्या बाबतींत तिचें प्रामाण्य सर्वांस ठाऊक आहे. तींत जमीन हस्तांतरित होण्यास सहा गोष्टी लागतात असें एक वचन घेतलें आहे : स्वग्रामाची, ज्ञातींची, सामंतांची व दायादांची अशा चार अनुमति, आणि हिरण्य व उदक यांचें दान. येथील 'सामंत' म्हणजे मांडलिक राजा नव्हे. 'समंत' म्हणजे सभोंवार, तेथें राहणारा तो सामंत, म्हणजे शेजारी. हा अर्थ न कळल्यामुळें कित्येक भाषांतरांत घोटाळा झालेला दिसतो.

विज्ञानेश्वरानें या प्रत्येक अनुमतीचें प्रयोजन सांगितलें आहे, आणि त्याचें मर्म फार व्यवहारी आहे. ग्रामाची अनुमति पाहिजे ती व्यवहार उघड व्हावा म्हणून. तिच्यावांचून व्यवहारच सिद्ध होत नाहीं असें नव्हे. सामंतांची पाहिजे ती पुढें सीमेचा तंटा उठूं नये म्हणून. ज्ञातींची व दायादांची पाहिजे ती कुटुंब विभक्त कीं अविभक्त हा संशय मागें राहूं नये म्हणून. स्थावराचा नुसता विक्रय निषिद्ध मानला जाई. म्हणून विकतांनाहि सोनें व पाणी देऊन त्यास दानाचें रूप देत. आपल्या भाषेंत एखाद्या वस्तूवर 'पाणी सोडणें' म्हणजे तिचा हक्क कायमचा टाकणें असा जो प्रयोग रूढ आहे, त्याचें मूळ उदक सोडण्याच्या या विधींत आहे.

याच शास्त्रांत आगम आणि भोग असे दोन शब्द आहेत. आगम म्हणजे वस्तु आपल्याकडे कशी आली त्याचें मूळ. भोग म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. पूर्वजांपासून चालत आलेली वहिवाट वगळली तर भोगापेक्षां आगम बलवत्तर, असें याज्ञवल्क्य म्हणतो. पण लगेच हेंहि सांगतो कीं, जेथें थोडादेखील भोग नाहीं तेथें आगमासहि बळ नाहीं. नुसत्या कागदावर निजूं नये आणि नुसत्या ताब्यावर फुगूं नये, असा याचा मथितार्थ. आगम, सीमा, अनुमति आणि भोग, या चार कसोट्या ध्यानांत ठेवून आतां घरखत उलगडूं.

(५) घरखताचीं अंगें

जुन्या घरखताच्या आरंभीं काल असतो : शक व संवत्सर, मास, तिथि, वार, आणि बहुधा सुहूर अगर फसली सन. मग घेणार व देणार यांचीं नांवें, बापाचें नांव, उपनांव, वस्ती. लेख्यांत वर्ष, मास, पक्ष, दिवस, नांव, जाति, गोत्र व पित्याचें नांव असावें असें स्मृतिकारांनीं सांगितलें आहे. त्या आज्ञेची सावली येथें स्पष्ट दिसते. नवागताचा शोध घेणाऱ्यानें 'वस्ती' या शब्दापाशीं थांबावें. 'मूळ राहणार अमुक, हल्ली वस्ती धुळें' असें जेथें येतें, तेथें स्थलांतराचा पुरावा आपोआप हातीं लागतो. पुढल्याच एखाद्या कागदांत तोच मनुष्य 'राहणार धुळें' असा आला कीं, 'हल्ली' गळून पडण्यास किती वर्षें लागलीं हें मोजतां येतें.

त्यानंतर घराचें वर्णन. खानदेशांत घर मोजीत तें खणांनीं; दोन खांबांमधील जागा तो एक खण. घर धाब्याचें कीं कौलारू, पुढें ओटा किती, मागें परसू किती, आडांत वांटा आहे कीं नाहीं, न्हाणीचें पाणी कोणीकडे जातें, पागोळ्या कोणाच्या जागेंत पडतात, कोणती भिंत निखालस आपली आणि कोणती निमेनिम, हा सर्व तपशील येतो. किंमत कोणत्या नाण्यांत, चांदवडी कीं अंकुशी, हेंहि येतें आणि तें नाणकशास्त्राच्या अभ्यासकास उपयोगी असतें.

मग चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस तमक्याची खुली जागा, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस देऊळ. तिच्यामागून जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह जागा दिली अशी मालिका येते. ताम्रपटांचा परिचय असलेल्या वाचकांस निधि, निक्षेप, जल, पाषाण, अक्षीण, आगामि, सिद्ध व साध्य हे अष्टभोग येथें आठवतील. निधि म्हणजे पुरलेलें धन व निक्षेप म्हणजे ठेव. राजदानाच्या ताम्रपटांतील ही शब्दावलि ग्रामदानांतून घरखतांत उतरली, आणि आश्चर्याची गोष्ट अशी कीं, आज संगणकावर छापलेल्या मराठी खरेदीखतांतहि ती पुष्कळदां जशीच्या तशी असते. ज्या भूखंडावर झाड नाहीं कीं आड नाहीं, त्यावरहि 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण' विकले जातात! दानाचा तपशील मराठींत लिहिण्याची चाल खानदेशांत पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखाइतकी जुनी आहे. तेव्हां लेखनाची ही परंपरा आठशें वर्षांची मानण्यास हरकत नाहीं.

अखेरीस हमी असते : या घरास भाऊबंद, धनको अगर सरकार कोणी आड येईल तर देणारानें निवारावें. ही दायादांच्या अनुमतीची जागा होय. शेवटीं साक्षी. या साक्षींत चतुःसीमेंतील शेजारी आहेत कीं नाहींत, हें अवश्य ताडून पाहावें. असतील तर मिताक्षरेंतील सामंतानुमति येथें प्रत्यक्ष नांदते आहे असें समजावें.

(६) चतुःसीमेवरून वसाहतीचा शोध

आतां मुख्य मुद्दा. घर विकत घेतल्यानें मनुष्य मालक होतो. गांवचा होतो तो नंतर. तो केव्हां झाला, हें त्याच्या स्वतःच्या खतांत लिहिलेलें नसतें. तें शेजाऱ्याच्या खतांत लिहिलेलें असतें. ज्या दिवशीं शेजारचें घर विकलें गेलें आणि त्या खतांत 'पूर्वेस अमक्याचें घर' म्हणून या नवागताचें नांव पडलें, त्या दिवशीं तो सीमा झाला. दुसऱ्याची जागा ओळखण्याची खूण झाला. कधीं असेंहि आढळतें कीं, मालक बदलून बराच काळ लोटला तरी चतुःसीमेंत जुन्याच मालकाचें नांव चालू आहे. तो लेखकाचा आळस म्हणून सोडून देऊं नये; आळीनें नव्या माणसास अजून ओळख दिली नाहीं, असाहि त्याचा अर्थ असूं शकतो.

म्हणून आमची सूचना अशी. एका आळींतील जितकीं घरखतें मिळतील तितकीं कालानुक्रमानें लावावीं; प्रत्येकाच्या चतुःसीमेंतील नांवें कोष्टकांत मांडावीं; आणि एखादें नांव खरेदीदार म्हणून प्रथम केव्हां आलें व दुसऱ्याच्या सीमेंत प्रथम केव्हां आलें, यांतील अंतर काढावें. दहावीस खतांवरूनहि त्या आळीचा नकाशा उभा राहतो, आणि नकाशाबरोबर तिचा स्वभावहि दिसूं लागतो. धुळ्यांतील ब्रिग्जच्या वसाहतींत परके व जुने रहिवासी एकमेकांच्या सीमेंत मिसळले, कीं आपापल्या ओळींत वेगळे राहिले, हा प्रश्न सोडविण्यास दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

पुढें ही पद्धति बदलली. मुंबई इलाख्यांत १८६८ च्या कायद्यानें शहरांतील जागांची मोजणी करून धारकांस सनदा देण्याची तरतूद झाली. दस्तांची नोंदणी १८६४ पासून कायद्यानें सुरू होऊन १९०८ च्या अधिनियमानें आजच्या स्वरूपास आली. नंबर आला, नकाशा आला. सीमेंतील माणसांचीं नांवें हळूहळू ओसरलीं आणि त्यांच्या जागीं 'प्लॉट नंबर' आले. आजच्या खतांत पूर्वेस ९ मीटर रुंदीचा रस्ता, पश्चिमेस प्लॉट नंबर १४, उत्तरेस खुली जागा, असें असतें. जुनी सीमा जें डोळ्यांस दिसे तें सांगे. नवी सीमा जें नकाशावर आंखलें आहे तें सांगते. या दोहोंतील फरक बारीक आहे, पण नवीन घर घेणाऱ्याचें सारें नशीब त्यांत अडकलेलें असतें. तो रस्ता मंजूर रेखांकनांत असेल तर तो रस्ता. नसेल तर ती नुसती शाई.

(७) आजच्या खरेदीदारास त्याच चार कसोट्या

शेताचा वसाहतींत पालट होतांना कोठें गफलत होते, तें आतां पाहूं. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट. शेताचे असे गुंठे पाडून विकणें १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यास धरून नव्हतें. तरीहि गरज मोठी व ऐपत लहान अशा लोकांनीं ते घेतले. कांहींनीं साध्या मुद्रांकावरील करारावर, कांहींनीं सात-बाराच्या उताऱ्यावर सामाईक नांव लावून. घरें उठलीं, पण त्यांस मंजूर नकाशा नाहीं, रस्त्याचा ठिकाणा नाहीं, कर्ज मिळण्याची सोय नाहीं. हा प्रश्न सबंध महाराष्ट्राचा झाला, म्हणून २००१ सालीं गुंठेवारी विकास अधिनियम करावा लागला. त्यांतील १ जानेवारी २००१ ही मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यांत आली. असे नियम वेळोवेळीं बदलतात. तेव्हां खरेदीच्या दिवशीं कोणता नियम चालू आहे, तें जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावें. कसोट्या मात्र बदलत नाहींत.

पहिली कसोटी आगम. जमीन मूळ कोणाची, ती कशी कशी फिरत आली, याची सांखळी जुळवावी. शेताचा सात-बारा, फेरफाराच्या नोंदी, बिनशेतीचा हुकूम, गांवठाणांतील जागा असल्यास मिळकतपत्रिका, आणि नोंदणी कचेरींतील सूचीचा तीस वर्षांचा शोध, हे या सांखळीचे दुवे. पोथीची परंपरा तपासतांना आपण जसें लेखक कोण, प्रत कोणाच्या घरून आली, मधलें पान कोठें गळलें हें पाहतों, तसेंच हें काम आहे. जेथें मृत्यूनंतर वारसांची नोंद झाली, तेथें मुलींचीं नांवें गळालीं आहेत काय हें मुद्दाम पाहावें. नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

दुसरी कसोटी सीमा. मंजूर रेखांकन मागून घ्यावें, सरकारी मोजणी करवून खुणा प्रत्यक्ष पाहाव्या, आणि खतांतील चारी दिशा जागेवर उभें राहून वाचाव्या. ठरावीक मर्यादेहून मोठ्या भूखंडांच्या वा सदनिकांच्या प्रकल्पास २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाखालीं सामान्यतः नोंदणी लागते. ती झाली आहे कीं नाहीं हेंहि येथेंच पाहावें. जमिनीचा चढउतारहि सीमेंतच मोडतो. १८७२ सालीं पांझरेच्या पुरानें धुळ्यांत घरादारांची मोठी हानि केली होती, हें नाल्याच्या कांठचा स्वस्त भूखंड घेणाऱ्यानें विसरूं नये.

तिसरी अनुमति. वर्तमानपत्रांतील जाहीर नोटीस ही ग्रामानुमतीची आजची वारस होय. तिचा हेतूहि तोच, व्यवहार उघड करणें. सहहिस्सेदारांच्या व वारसांच्या सह्या ही दायादानुमति. मोजणीच्या वेळीं लगतच्या धारकांस जी नोटीस जाते, ती सामंतानुमतीची छाया. आठ-नऊ शतकांपूर्वीं विज्ञानेश्वरानें जी शंकांची यादी केली, तीच आज वकील करतो.

चौथी भोग. कागद झाला तरी ताबा घ्यावा, कुंपण घालावें, नांवाचा फेरफार करवून घ्यावा. दूरच्या गांवीं नोकरी करणाऱ्याचा भूखंड वर्षानुवर्षें उघडा पडून राहतो आणि त्यावर दुसऱ्याची झोपडी उठते. मालकाच्या डोळ्यांदेखत परक्यानें वीस वर्षें जमीन भोगली तर मालकाची हानि होते, असें याज्ञवल्क्य म्हणतो. आजच्या मुदतीच्या कायद्यांत ती मर्यादा बारा वर्षांची आहे. येजा करणाऱ्यानें तर ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी, कारण त्याचें घर हें रात्रीपुरतेंच घर असतें.

(८) संग्राहकांस विनंति

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले आणि पुढल्याच महिन्यांत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें स्थापन झालें. सत्कार्योत्तेजक सभेनें व शंकरराव देवांनीं रामदासी वाङ्मय याच गांवीं जमविलें. कागद जपण्याची अशी परंपरा ज्या प्रांतांत आहे, तेथें घरांचे कागद नष्ट व्हावेत हें शोभत नाहीं. आज जुनीं धाब्याचीं घरें पाडून इमारती उठत आहेत. वारस पुण्या-मुंबईस असतात. घर विकलें कीं चालू मालकीपुरतें शेवटचें खत खरेदीदाराच्या हातीं जातें आणि मागचीं पांचपन्नास वर्षांचीं, विशेषतः मोडींतील खतें, कोणासच नकोशीं होतात. आगमाची सांखळी तुटते ती येथें, आणि आळीचा इतिहास बुजतो तोहि येथेंच.

म्हणून संग्राहकांनीं एवढें करावें. रुमाल फोडूं नये. एका घरचे कागद एकत्र ठेवावे, कारण त्यांची किंमत त्यांच्या संगतींत आहे. प्रत्येक खताची टांचणी करतांना काल, घेणार, देणार, त्यांची मूळ व हल्ली वस्ती, खणांची संख्या, किंमत व नाणें, साक्षी, लेखक, आणि चतुःसीमेंतील चारी नांवें न गाळतां उतरून घ्यावीं. मूळ कागद मालकास परत द्यावयाचा असेल तर छायाचित्र घ्यावें. हयात कुटुंबांचे हक्क ज्यांत गुंतले आहेत असे अलीकडचे कागद त्यांच्या संमतीवांचून छापूं नयेत. आणि ज्यांस मोडी वाचतां येतें त्यांनीं, आळींतला कोणी आपल्या आज्याचें खत घेऊन दारीं आला, तर तें त्यास वाचून दाखवावें. त्याच्या घराचा निकाल कित्येकदां त्या चार ओळींवर लागतो.

नवीन वस्त्यांसाठींहि एक सूचना आहे. तेथील खतांत शेजाऱ्यांचीं नांवें उरलेलीं नाहींत. नुसते अंक आहेत. पन्नास वर्षांनीं पिंप्राळ्याच्या अगर वलवाडीच्या शिवारांत प्रथम कोण राहावयास आलें, कोठून आलें, त्यांनीं रस्ता व पाणी कसें मिळविलें, हें त्या अंकांवरून कळणार नाहीं. वस्तींतील सुशिक्षित मंडळींनीं एक साधी वही करून पहिल्या रहिवाशांचीं नांवें, मूळ गांव, व्यवसाय आणि आल्याचें साल त्यांच्या संमतीनें लिहून ठेवावें. कोणाच्या पूर्वेस कोण राहतें, एवढें जरी तींत आलें तरी चतुःसीमेचें काम ती वही करील.

सीमेचा शब्द शेताच्या बांधावरून आला खरा; परंतु घरखतांत तो माणसांचा शब्द होता. तो तसा पुन्हा व्हावा, इतकेंच मागणें. इत्यलम्.